बिनछर्र्यांची जर्मनीण

आमच्या गल्लीत रोज सकाळी बंदूक उडते. तोंडानं.

आधी काहीच ऐकू येत नाही. मग समोरच्या गच्चीवरनं "ठक्क!" असा आवाज येतो. जीभ टाळूला लावून सोडलेला. पुन्हा शांतता. आणि मग सगळ्या पेठेला ऐकू जाईल असा खणखणीत पुकारा होतो.

"आठ! उजवीकडं सरकला जरा!"

कुणाकडं नवा पावणा मुक्कामाला असला तर तो अंथरुणात उठून बसतो. "काय झालं? कोण सरकला?" असं विचारतो. घरची माणसं कूस बदलत सांगतात, "झोपा ओ. अण्णा हाय. जर्मनीण चालवतोय."

एवढं ऐकल्यावर पावण्याची उरलेली झोपही उडते.

तर हा गुरुपादअण्णा. माझा समोरचा शेजारी. सुतळी, दोरखंड, बारदान असलं विकायचं त्यांचं घरचं दुकान. दुकान भाऊ बघतात. अण्णा दुकानात फक्त बसायचा, आणि तेही एक डोळा मिटून. गिऱ्हाइकाला वाटायचं, हा माणूस आपल्याला डोळा मारतोय. पोत्यांच्या थप्पीवर कुठंतरी नेम धरलेला असायचा. त्यापायी एकदोन बायामाणसं दुकानाची पायरी चढायची बंद झाली, तेव्हा भावांनी हात जोडून सांगितलं, "अण्णा, तू घरीच बस. हिस्सा घरपोच करतो."

लग्न केलं नाही. विचारलं की म्हणायचा, "एक हाय की घरात. दुसरी कशाला?"

ती घरातली म्हणजे जर्मनीण. जर्मनीत तयार झालेली हवेची बंदूक. कुठल्या तरी जुन्या सरदाराच्या घरचं सामान विकायला निघालं, तेव्हा लोकांनी झुंबरं घेतली, पलंग घेतले. अण्णानं ही घेतली. अक्रोडाचा दस्ता, निळसर काळी नळी. रोज तेलाचा हात फिरवायचा, मऊ धोतराच्या तुकड्यानं पुसायचा. कोण आजारी पडलं तर अण्णा समाचाराला येईल याची खात्री नाही, पण जर्मनीणीला हिवाळ्यात दोन पदर जास्त गुंडाळलेले असायचे.

आणि एवढं असून या गड्यानं आयुष्यात चिमणी मारली नाही. घरचं लिंगायत वळण. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती. मारायचं ते कागदाला. गच्चीच्या पलीकडच्या कठड्याला पुठ्ठा बांधलेला, त्यावर गोलात गोल काढलेले. मधला काळा टिपका म्हणजे दहा. बाहेर सरकाल तसे गुण कमी.

"मग पोटभर उडव की खरे छर्रे. तोंडानं कशाला?" असं मी त्याला पहिल्यांदा विचारलं, तेव्हा तो माझ्याकडं असा बघायला लागला, जसं काय मीच दिल्लीत बसून कर लावला होता.

भानगड अशी. देशी छर्रे बाजारात मिळायचे, पण अण्णाला ते चालायचे नाहीत. म्हणायचा, "देशी छर्रा म्हंजे लगीनघरातला पावणा. कुठं जाऊन बसंल सांगता येत न्हाय." त्याला पाहिजे जर्मनीतलेच. ते मुंबईच्या एकाच दुकानात यायचे, आणि दर वर्षी त्यांच्यावरचा आयात कर वाढायचा. कर वाढला की डबा महाग. डबा महाग झाला की अण्णा एक छर्रा कमी उडवणार. असं करत करत एक दिवस उडवायचा छर्राच उरला नाही. आणि रिकामी बंदूक चालवावी, तर आतली स्प्रिंग मोडते. नवी स्प्रिंग पुन्हा जर्मनीची, तिच्यावर पुन्हा कर. म्हणून तोंड. तोंडावर दिल्लीनं अजून कर लावलेला नाही.

फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी, दिल्लीचं बजेट यायचं तेव्हा, आमच्या घरात जत्रा भरायची. गल्लीत चांगला रेडिओ आमच्याकडं. माझी पिठाची गिरणी बरी चालायची तेव्हा. त्या संध्याकाळी अण्णा इस्त्रीचा सदरा घालून यायचा, रेडिओसमोर मांडी घालून बसायचा. माझी बायको पारू भडंग करायची. हो, पारू. तिचं सांगतोच पुढं. तिच्याशिवाय अण्णाची गोष्ट पुरी होत नाही, आणि माझी तर कुठलीच होत नाही.

रेडिओवर बाई सांगायला लागली, की हे स्वस्त, ते महाग. सगळी गल्ली विडी-काडीचं, घासलेटाचं ऐकायला बसलेली. अण्णा बंदुकीचं ऐकायला. बंदुकीचं नाव कधीच यायचं नाही. पण एका वर्षी बाई म्हणाली, "चैनीच्या वस्तूंवरील आयात करात वाढ करण्यात आली आहे."

अण्णा ताडकन उभा राहिला. मांडीवरचं भडंग सगळ्या घरभर.

"चैनीच्या? कुणाची चैन? गार फरशीवर गुडघं टेकून बसतोय मी! श्वास कोंडतोय! मुंगी चावली तर हालत न्हाय! ही चैन व्हय?"

पारू म्हणाली, "अण्णा, भडंग गोळा करा आदी. मग दिल्लीला जावा."

"वैनी, त्या दिल्लीवाल्याचं माज्यावर लक्ष हाय. कोल्लापुरात एक गुरुपाद हाय, त्येचा हात जरा बसाय लागलाय, हे त्येला कळलंया. लगेच वाढीवला कर."

"तुमची जर्मनीण दिसाय देखणी हाय. चैनीचीच म्हणत्यात तिला."

झालं. गडी विरघळला. जर्मनीणीला देखणी म्हटलं की अण्णाचा राग पाघळायचा. भडंग वेचत वेचत म्हणाला, "तसं बगाय गेलं तर खरं हाय म्हणा."

पण दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्यांदा "ठक्क" ऐकू आलं. गल्ली खिडक्यांत आली. अण्णानं तोंडानं गोळी मारली आणि जाहीर केलं, "सहा! हात हालला!"

लोक पोट धरून हसले. मी पण हसलो. अरे, तोंडानंच मारायची तर दहा मार ना! कोण बघायला येतंय? हा गडी स्वतःच स्वतःला सहा देतोय!

हसली नाही ती पारू. तिनं आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतनं विचारलं, "हात कशानं हालला ओ अण्णा?"

"च्या घेतला न्हवं का आदी. च्यानं हालतोय."

"मग उद्या आदी नेम धरा, मागनं च्या पाठवते."

तेव्हापासून ती रीतच पडली. सकाळी भाकरी थापता थापता पारू खिडकीतनं हाक मारणार, "किती ओ अण्णा?" आणि तो सांगणार. सात. आठ. पाच, शिंक आली. आणि दहा आला, तर पारू गुळाचा खडा पाठवायची. आपला इथला पिवळाधमक, दाणेदार गूळ. दहाखाली गूळ नाही, हा तिचा नियम. नऊला नुसतंच "असू दे" म्हणायची.

आता बघा, अण्णाला गुळाचं वेड. दुकानात गुळाची बारदानं असायची, त्यांचा वास घेत बसणारा माणूस. रोज "दहा" म्हटलं असतं तर रोज गूळ होता. पण महिना महिना दहा यायचा नाही. एकदा मी पारूला म्हणालो, "अगं, हे येडं हाय आणि तू त्येच्याहून येडी. बंदुकीत छर्रा न्हाय आणि गुण कसलं मोजताय?"

ती म्हणाली, "ज्या माणसाला खोटं धा म्हणता येत न्हाय, त्येला येडं म्हणू नगा." आणि भाकरी उलटली.

एका वर्षी बातमी आली, की जिल्ह्याची नेमबाजीची स्पर्धा आपल्याकडं भरणार. जोतिबाच्या वाटेला माळावर. हवेच्या बंदुकीचा वेगळा गट. अण्णा त्या दिवशी चार वेळा माझ्या गिरणीत आला आणि चारी वेळा तेच सांगून गेला. अंगावर पीठ उडून गडी पांढरा झाला, तरी भान नव्हतं.

"दादू, आता खरं मारायचं. गल्ली हासती माज्यावर. आता कागदाला भोक पडंल तवा बगू."

म्हणजे इतकी वर्षं तोंडानं सांगितलेले गुण खरे की नुसता वारा, हे एकदाचं कळणार होतं. त्याला पण, आणि आम्हाला पण.

डबा आणायला मी आणि तो एस्टीनं मुंबईला गेलो. दुकानदार गुजराती होता, माणूस सरळ. म्हणाला, "शेठ, डब्याची किंमत एवढीशी. बाकी सगळा कर. पुढच्या वर्षी मी हे मागवणार पण नाही, घेतं कोण?" अण्णानं डबा हातात घेतला. चपटा, गोल, बुटाच्या पॉलिशच्या डबीएवढा. झाकण उघडून त्यानं एक छर्रा तळव्यावर ठेवला आणि एकदम हात जोडले.

"दादू, बग. कंबर बारीक, दोन्ही बाजू पसरट. डमरू हाय ह्यो! जर्मनीत बसून त्येंनी शंकराचं डमरू केलंया!"

हे डमरूचं खूळ तिथं डोक्यात शिरलं. पुढं नडलं, ते सांगतो.

परत येताना गावाच्या तोंडाशी जकात नाक्यावर गाडी थांबली. कारकून चढला. अण्णानं डबा छातीशी धरलेला. एवढं लपवल्यावर कारकून बघणारच.

"काय हाय त्यात?"

"छर्रं."

"कशाचं?"

"बंदुकीचं."

कारकून दचकला. "कसली बंदूक?"

"हवंची."

कारकून हसला. चांगला माणूस होता बिचारा. म्हणाला, "मग खेळण्यात धरतो की. थोडक्यात सुटशीला."

एस्टीतल्या सगळ्यांना वाटलं, सुटलो. अण्णा उठून उभा राहिला.

"खेळणं? खेळणं कुणाला म्हंतोस रं? खुळखुळा हाय ह्यो? ही काय पिपाणी हाय?"

"अवो पण हत्यार लिवलं तर जकात जादा बसंल."

"बसू दे! हत्यार लिव! मोठ्या अक्षरात लिव!"

मागनं एक म्हातारी ओरडली, "अवं पावणं, खेळणं म्हणा की एकदा! माजी म्हस धारंला तटलीया घरात!"

पण नाही. गड्यानं भांडून, नरडं ताणून, जास्तीची जकात भरली. ज्या माणसानं दिल्लीच्या करापायी भडंग उधळलं, त्यानं गावाच्या नाक्यावर हट्टानं जास्त भरलं. पावती घडी करून खिशात घातली आणि गल्लीभर दाखवत फिरला. "बगा, हत्यार लिवलंय. सरकारी शिक्का हाय."

डबा मोडायचा नाही, स्पर्धेलाच उघडायचा, असं ठरलं. मग सरावाला काय? अण्णानं उद्यमनगरातल्या एका टर्नरला गाठलं. आपल्याकडं असं आहे, की उद्यमनगरात परदेशातलं कुठलंही यंत्र दाखवा, महिन्याभरात त्याचा धाकटा भाऊ तयार. त्या टर्नरनं छर्र्याचा साचा करून दिला. अण्णानं जुन्या नळाचं शिसं आणलं आणि वितळवलं. कशात? पारूच्या भज्यांच्या कढईत! "वैनी, जरा कढई द्या" एवढंच म्हणून नेली होती.

पारूचा त्या दिवशीचा आवाज मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकला. कढई भंगारात गेली. आणि त्या घरच्या छर्र्यांचं काय? पहिलाच छर्रा पुठ्ठ्याच्या दोन हात वरनं गेला, गल्लीच्या कोपऱ्यावर म्हैस पिळत होते तिथं, दुधाच्या किटलीवर टणकन वाजला. म्हैस उधळली. किटली लवंडली. गल्लीत दुधाचा ओहोळ.

गवळी खालनं बोंबलला, "ए अण्णा! म्हस हाय ही! वाघ न्हवं!"

अण्णा जर्मनीण तशीच ठेवून अनवाणी खाली पळाला. गवळ्याला वाटलं, आपली माफी मागायला आला. तो सरळ म्हशीकडं गेला. तिच्या पायाला हात लावला. "माफ कर माय" म्हणाला. पुढं आठवडाभर रोज तिला सरकी-पेंड घेऊन जायचा. ती म्हैस त्याला बघितलं की हंबरायला लागली. गवळी म्हणाला, "अण्णा, आणि एक छर्रा मारा की. दूध वाढलंया."

साचा पोटमाळ्यावर गेला आणि पुन्हा "ठक्क" सुरू झालं.

स्पर्धेचा दिवस उजाडला. काय सांगू तुम्हाला! अख्खी गल्ली गुळाच्या ट्रकात बसून निघाली. गवळी आला, तो टर्नर आला, अण्णाचे भाऊ दुकान बंद करून आले. पारू पुढं बसली, पदराला गुळाचा खडा बांधून. मी म्हणालो, "खडा आणलायस, आन धा न्हाई आला तर?" म्हणाली, "तर परत न्हीन. नेम काय मी धरायचाय?"

माळावर मांडव, दोऱ्या बांधलेल्या, लांब पुठ्ठे लावलेले. पंच म्हणून एक पेन्शनीतला सुभेदार, मिशा कानापर्यंत. दुर्बीण घेऊन बसलेला. पुण्याचा एक तरणा गडी काळा चष्मा लावून आलेला, बंदूक नवी कोरी. अण्णा धोतर-कोटात. गळ्यात लिंग, खांद्यावर जर्मनीण. लोक वळून वळून बघत होते.

अण्णाचं नाव पुकारलं. गडी गुडघ्यावर बसला. कोटातनं डबा काढला. कपाळाला लावला. झाकण उघडलं.

आणि तसाच राहिला.

मी दोरीजवळ होतो. वाकून बघितलं. आत सगळं पांढरं. छर्र्यांवर भुरी चढलेली. एकाला एक चिकटलेले, बुरशी आल्यासारखे.

"अण्णा, हे काय रं?"

तो हळू म्हणाला, "दर सोमवारी अभिषेक घालत हुतो, दादू. डमरू हाय म्हणून. पाणी, विभूती. देवाजवळच ठेवला हुता."

शिशाला पाणी लागलं की काय होतं, हे त्या देवाला माहीत असेल, आम्हाला नव्हतं. लोखंडासारखं गंजत नाही, एवढंच ऐकून होतो. या माणसानं इतक्या महागाचे छर्रे पूजा करकरून मारले होते.

त्यातला बरा बघून एक घासला, धोतराला पुसला, भरला. मारला. छर्रा गेला वाकडा, आणि शेजारच्या पुठ्ठ्यावर, पुण्याच्या गड्याच्या, बरोबर मधल्या टिपक्यात बसला! ट्रकातनं आलेले आमचे लोक टाळ्या वाजवायला लागले. सुभेदार ओरडला, "टाळ्या बंद! चुकीचा पुठ्ठा!" दुसरा छर्रा नळीत शिरेचना.

मांडवात हशा पिकला. अण्णा मान खाली घालून बसला. इतकी वर्षं थांबला होता बिचारा.

पुण्याचा तो गडी मनानं चांगला. जवळ आला, आपला डबा पुढं केला. तसाच चपटा, गोल, कोरा करकरीत. म्हणाला, "काका, माझे घ्या. भरपूर आहेत."

अण्णाचे डोळे चमकले. हात पुढं झाला. आणि मधेच थांबला.

"ह्येच्यावर आयात कर भरलाय न्हवं?"

तो हसला. "कसला कर, काका! मामा विमानानं येताना मोज्यात घालून आणतात."

अण्णानं हात मागं घेतला.

मी कानाशी लागलो, "अरे घे की, बैला! दरसाली त्या कराला शिव्या घालतोस, आन आज काय झालं?"

"शिव्या घालतोय. पर भरलाय. प्रत्येक छर्र्याला भरलाय, दादू. मोज्यातल्या छर्र्यानं धा मारला तर त्यो ह्येच्या मामाचा धा. माजा न्हवं."

मग तो पुन्हा गुडघ्यावर बसला. रिकामी जर्मनीण खांद्याला लावली. डावा डोळा मिटला. मला कळलं आता हा काय करणार. म्हटलं, घरी कर रे बाबा, इथं नको.

"ठक्क!"

माळावरच्या सगळ्या माना वळल्या.

"सात! वारा!"

आणि मग हसण्याचा लोट उठला. पोरं-बाया, पंच, सगळे. सुभेदार मिशी दाबत म्हणाला, "अहो, हे गुणांत धरता येत नाही."

"धरू नका. धरणारं माणूस तितं बसलंया."

आणि पारूनं बसल्या जागेवरनं, भर माळावर, आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतनं मारायची तशी हाक मारली, "सात व्हय! पुढं ओ अण्णा!"

"ठक्क! आठ!"

"पुढं!"

"ठक्क! आठच. श्वास चुकला."

हसणारे हळूहळू थांबले. का ते सांगता येणार नाही मला. माणूस खोटं खोटं काहीतरी इतक्या खऱ्यानं करायला लागला की बघणाऱ्याचीच पंचाईत होते. "ठक्क! नऊ!" म्हटल्यावर मागं कुणीतरी "अरेरे, थोडक्यात" असं म्हणालं. आता लोक दोरीला रेटायला लागले. पुण्याचा गडी चष्मा काढून बघत होता. मी मुठी आवळल्या होत्या. कशासाठी? रिकाम्या नळीसाठी! पण आवळल्या होत्या.

शेवटचा नेम. अण्णा हलेना. त्याच्या कानावर माशी बसली, उठली, पुन्हा बसली. श्वास दिसेना.

"ठक्क."

आणि ओरडला नाही तो या वेळी. बंदूक खाली ठेवली आणि आपल्याशीच बोलावं तसं म्हणाला, "धा."

पारू उठली. दोरीखालनं वाकून आत गेली. तिला कुणी अडवलं नाही. पदराची गाठ सोडली आणि गुळाचा खडा अण्णाच्या हातावर ठेवला.

सुभेदार दुर्बीण खाली ठेवत म्हणाला, "मी नळी बघत होतो. हलली नाही."

बस, एवढंच. मग आमच्या गल्लीनं जो दंगा केला, तो काय सांगावा! अण्णाचा नंबर शेवटून पहिला आला, आणि आम्ही त्याला ट्रकाच्या टपावर बसवून, ताटं बडवत गावात आणला. लोक विचारायचे, "कितवा आला?" गवळी सांगायचा, "धा आला! धा!" अण्णा टपावर बसून गूळ चघळत होता, आणि जर्मनीणीला माझ्या टॉवेलात गुंडाळली होती, वारं लागू नये म्हणून.

त्यानंतरही फेब्रुवाऱ्या आल्या, भडंग झालं, दिल्लीला शिव्या झाल्या. मुंबईच्या त्या दुकानानं डबे मागवायचं खरंच बंद केलं. सकाळी "किती ओ अण्णा?" चालूच राहिलं.

मग पारू गेली. थंडीचे दिवस होते. ताप आला, दवाखान्यात नेली, परत आणली ती तशीच. मी त्यावर जास्त लिहिणार नाही. लिहिता येत नाही. चौथी शिकलेल्या माणसाला त्याचे शब्द माहीत नाहीत, आणि शिकलेल्यांना असतील तर त्यांचं त्यांना लखलाभ.

दिवस-कार्य उरकलं, पावणे गेले. एका सकाळी मला जाणवलं, की गल्लीत काहीतरी कमी आहे. खिडकीतनं बघितलं. अण्णा गच्चीवर होता. गुडघ्यावर बसला, नेम धरला, थांबला. आणि "ठक्क" न करताच बंदूक खाली ठेवली. पुन्हा उचलली. आमच्या खिडकीकडं एकदा बघितलं. मी आत सरलो. त्यानं बंदूक पुसली आणि आत गेला.

असं किती दिवस चाललं, मी मोजलं नाही. शेवटी मला सहन होईना. वर गेलो त्याच्याकडं.

"अण्णा, तोंड गेलं का तुझं? आवाज का काढंनास?"

तो जर्मनीणीच्या दस्त्यावर बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "दादू, ह्या अख्ख्या गल्लीत मला कोण काय इचारतं? भाऊ हिस्सा पाठवत्यात. लोक हासून जात्यात. दिवसाकाठी एकच माणूस एकच गोष्ट इचारत हुतं, किती म्हणून. आता कुणाला सांगू?"

मला असल्या वेळी बोलता येत नाही. "च्या घे जा" म्हणालो आणि उतरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभा राहिलो. तवा गार होता. समोर अण्णा गुडघ्यावर बसला होता, नेम धरून. माझा आवाज गिरणीत ओरडून ओरडून फाटलेला, पट्ट्याच्या खडखडाटावर बोलून बोलून. तरी काढला.

"किती ओ अण्णा?"

त्याची पाठ ताठ झाली. मग जीभ टाळूला लागली, "ठक्क." आणि मग, "सहा. हात हालला."

मी गुळाचा डबा शोधला. कुठं ठेवायची ते मला कधी माहीतच नव्हतं. फडताळाच्या वरच्या फळीवर, पिठाच्या मागं सापडला. खडा घेऊन वर गेलो. त्यानं बघितला आणि मान हलवली.

"सहाला गूळ न्हाय. वैनींचा नियम हाय."

"नियम तिचा हुता. गूळ माजा हाय. गप खा."

"न्हाय दादू. ठेव हितं. धा आल्यावर खातो."

देव्हाऱ्यात तो जर्मनीचा रिकामा डबा अजून होता, आत पांढरे डाग पडलेला. त्यात त्यानं खडा ठेवला आणि झाकण लावलं.

आता रोज सकाळी मी विचारतो. परवा नऊ आला. काठावर होता, म्हणाला. मी "असू दे" म्हणालो. तो डबा तिथंच आहे. गुळाला मुंग्या लागतात, पाणी सुटतं, म्हणून तो दुकानाकडं चक्कर मारायला गेला की मी वर जाऊन खडा बदलून येतो. हे त्याला सांगितलेलं नाही.